न केलेल्या माफीची साक्ष

रविवारच्या उपासनेत साक्षींची वेळ झाली, की चष्मेवाल्याची बायको डोळे मिटून घ्यायची. भक्तीने नव्हे. लोक उभे राहून जे काय काय सांगायचे ते ऐकून तिला हसू आवरायचं नाही, म्हणून. कुणाची कंबर दुखायची थांबली, कुणाचा हरवलेला किल्ल्यांचा जुडगा कोटाच्या खिशातच सापडला, सगळं श्रेय देवाला. देवाला दुसरी कामं आहेत की नाहीत, असं तिच्या ओठांवर यायचं आणि ती ते तिथेच चावून टाकायची.

त्या रविवारीही ती डोळे मिटून बसली होती. तेवढ्यात शेजारची खुर्ची करकरली. पाहते तर नवरा उभा!

"बंधूंनो, भगिनींनो," तो म्हणाला. हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट. "मागे मी माझ्या पत्नीपाशी एक मोठा अपराध कबूल केला. तो काय, ते आमच्या दोघांतलं आहे. पण आज मला जाहीर सांगायचंय, की तिने मला क्षमा केली आहे. मनापासून. माझं घर देवाने वाचवलं. सगळा गौरव त्याचा!"

"आमेन!" सगळी मंडळी एका आवाजात गरजली. मग टाळ्या. मागच्या रांगेतून कुणीतरी तिच्या खांद्यावर थोपटलं, डावीकडच्या बाईने डोळ्याला रुमाल लावला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. क्षमा? तिने? कधी, कुठल्या वारी, किती वाजता? गेले वीस दिवस ती या माणसाशी "जेवण वाढलंय" आणि "गिऱ्हाईक आलंय" यापलीकडे अक्षर बोलली नव्हती. याला क्षमा म्हणत असतील तर भिंतीनेही त्याला क्षमा केली होती, आणि कपाटानेही.

आता तो अपराध काय, ते सांगायला हवं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, बाई उगाच डोक्यात राख घालून घेतेय.

तिचे वडील गणिताचे मास्तर. जुन्या दगडी चर्चचे, शिस्तीचे. तिथे प्रार्थना हळू म्हणायची, खोकला आला तर रुमालात खोकायचा. मुलीने लग्न ठरवलं ते या टाळ्या वाजवून गाणाऱ्या मंडळीतल्या चष्मेवाल्याशी. तो रीतसर विचारायला गेला, तर मास्तरांनी त्याला उंबऱ्यातच उभं ठेवलं. "दुसऱ्यांचे डोळे तपासतोस, आधी स्वतःचे तपास," म्हणाले, आणि दार लावून घेतलं. लग्नाला आले नाहीत. तिने पहिली काही वर्षं पत्रं लिहिली, उत्तर नाही. मग तिचीही मान ताठ झाली, शेवटी लेक कुणाची! अशी एकोणीस वर्षं गेली.

आठ महिन्यांपूर्वी चुलतभावाचा निरोप आला, मास्तर गेले. सहा तासांचा प्रवास करून ती पोचली तेव्हा शवपेटीचं झाकण बसलं होतं. बापाने आपल्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच, शेवटपर्यंत, असं समजून ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसली. रडली नाही. कुणासाठी रडायचं? ज्याला आपण नको होतो त्याच्यासाठी?

आणि मग वीस दिवसांपूर्वी, जेवता जेवता, नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला.

"मास्तरांचा फोन आला होता," तो म्हणाला. "जायच्या अकरा दिवस आधी. दुकानात. तू मागे काचा घासत होतीस. मी... मी तुला दिला नाही."

तिच्या हातात डाव होता. तो तिने पातेल्यात ठेवला. एवढंच विचारलं, "काय म्हणाले?"

त्याने ताटाकडे पाहिलं. "आठवत नाही. ओरडत होते बहुतेक."

आठवत नाही! या माणसाला गावभरच्या गिऱ्हाइकांचे नंबर पाठ होते. दहा वर्षांनी आलेल्या म्हातारीला तो दारातूनच सांगायचा, उजवा अमुक, डावा तमुक, आजी, डाव्याचा वाढला असणार. आणि सासऱ्याचा एकोणीस वर्षांतला एकुलता एक फोन आठवत नाही म्हणे. खोटं बोलायचं तर निदान धड बोलावं.

बापाने जाण्याआधी तिच्यासाठी काहीतरी म्हटलं होतं. बरं असेल, वाईट असेल, शिवी असेल, पण ते तिचं होतं. आणि ते या माणसाने आठ महिने गिळून ठेवलं होतं, अजूनही गिळूनच बसला होता. तिला त्याचं दुसरं काहीही नको होतं. रडणं नको, पाया पडणं नको. ते शब्द हवे होते. ते सोडून तो बाकी सगळं द्यायला तयार होता.

तेव्हापासून तिने तोंड शिवलं होतं. आणि आज त्याने भर उपासनेत तिच्या शिवलेल्या तोंडातून माफी काढून दाखवली.

उपासना संपल्यावर तर जत्राच लोटली. पाळकीणबाईंनी तिला मिठी मारली. "केवढं मोठं मन गं तुझं!" पाळकसाहेब नवऱ्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "पुढच्या रविवारी दांपत्यांचा मेळावा आहे. लग्न ठरलेल्या तीन जोड्या आहेत यंदा. तुम्ही दोघांनी मंचावर येऊन चार शब्द बोलायचे. याहून चांगलं उदाहरण मला शोधून सापडायचं नाही."

"बोलू की," नवरा म्हणाला. "दोघंही बोलू."

दोघंही! ती घराकडे चालायला लागली. तो मागून येत राहिला.

दुकान पुढे, घर मागे, अशी त्यांची जागा. मध्ये काचेचा आडोसा, त्यामागे तिचं काचा घासायचं यंत्र. डोळे तो तपासायचा, फ्रेमच्या मापाने काचा घासून बसवायचं काम तिचं. रविवार म्हणून शटर अर्धं खाली होतं. आत शिरताच ती गर्रकन वळली.

"मी कधी केली हो तुम्हाला माफी?"

वीस दिवसांनी बायको बोलली याचाच त्याला आनंद झालेला दिसला. कपाळ माझं! "अगं, मी विश्वासाने बोललो," तो म्हणाला. "पाळकसाहेब म्हणाले नाहीत का, लहान लेकरासारखं देवाकडे जायचं. लेकरू मागतं, तेव्हा मिळणारच असं धरून चालतं. मी रोज मागतोय. म्हटलं, मिळालंच असं समजून साक्ष द्यावी. देव मागाहून पुरी करेल."

"बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!"

"तसं नाही..."

"तसंच आहे! आणि लेकरू? लेकरू म्हणे! लेकरू बरणी फोडतं ना, तेव्हा शेजाऱ्यांना गोळा करून 'आईने मला माफ केलं' असं नाही सांगत. ते कोपऱ्यात उभं राहतं आणि फोडली म्हणून सांगतं. मी विचारलेलं एक सांगितलंत? काय म्हणाले बाबा?"

काउंटरवर चष्म्यांचा ट्रे होता, त्यातल्या फ्रेमा तो एका रांगेत लावायला लागला. सगळ्या आधीच रांगेत होत्या.

"आठवत नाही गं."

ती आत गेली आणि दार असं आपटलं, की नंबर तपासायचा तक्ता खिळ्यावरून निसटला.

सोमवारपासून नवाच छळ सुरू झाला. दुकानात येणारा मंडळीतला प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघून हसायचा, मग चष्म्याचं बोलायचा. दांडी सैल झाली म्हणून आलेला गवंडी म्हणाला, "वहिनी, तुमचं ऐकून आमच्या हिनेपण दोन महिन्यांचा अबोला सोडला." दोन महिने! तिला त्याच्या बायकोचा हेवा वाटला. मंगळवारी पाळकीणबाई केक घेऊन आल्या. वर पांढऱ्या क्रीमने लिहिलेलं, 'प्रीती सर्व सहन करते.' तिने तो तसाच ओट्यावर ठेवला. नवऱ्याने त्याला हात लावला नाही, तिने लावला नाही, आणि गुरुवारपर्यंत त्या प्रीतीला मुंग्या लागल्या.

बुधवारी मात्र तिने हातातली काच खाली ठेवली, एप्रन काढला आणि तडक पाळकसाहेबांच्या खोलीत जाऊन बसली. भला माणूस होता तो, त्यात खोट नाही. पण भल्या माणसांचा एक त्रास असतो, त्यांना भांडण दिसलं की त्यावर कधी एकदा चादर घालतो असं होतं.

"मी माफी केलेली नाही," तिने सांगितलं. "ती साक्ष खोटी आहे. मेळाव्यातून आमचं नाव काढा."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. चष्मा तिनेच बसवलेला. "हे बघ बाळ, त्याची घाई झाली, मान्य आहे. पण भावना शुद्ध आहे. आणि तुला सांगू, माफी ही मनात यायची वाट बघायची गोष्टच नाही. लेकरासारखं मन कर. लेकरू कसं, पटकन विसरतं. निरागस. प्रश्न विचारत नाही."

"कुणाचं लेकरू प्रश्न विचारत नाही?"

पाळकसाहेब हसले. ती हसली नाही.

"मला फक्त एवढंच हवंय, बाबा काय म्हणाले. ते म्हणतात, आठवत नाही."

"त्याला वेळ दे. अगं, ते सगळं ऐकताना मलाच गलबलून आलं, तर त्याला स्वतःच्या तोंडाने तुला..."

आणि पाळकसाहेब थांबले.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"बाळ, त्याने माझ्यापाशी विश्वासाने..."

"माझ्या बापाचे शब्द तुम्हाला माहीत आहेत. त्यांना माहीत आहेत. देवाला तर आहेतच. सगळ्या पुरुषमंडळींना ठाऊक! फक्त जिच्यासाठी होते तिला सोडून!"

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली. तिने उचलली नाही. वाटभर तिच्या डोळ्यांपुढे लाल लाल होतं. ओरडत होते म्हणे! ओरडणाऱ्या म्हाताऱ्याचं ऐकून कुणाला गलबलून येतं?

त्या दिवशी तिने कपाटावरची पेटी खाली काढली आणि चार कपडे भरले. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. रविवारनंतर जायचं, एवढं ठरलं. मेळाव्यात खरं काय ते सगळ्यांसमोर सांगायचं, मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची आणि निघायचं. नवऱ्याने पेटी पाहिली. आणि तो देवाच्या फोटोसमोर जाऊन डोळे मिटून बसला. तिला वाटलं, ही पेटीच त्याच्या पाठीत घालावी.

शुक्रवारी दुपारी शिवणकाम करणारी एक बाई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचा पहिला चष्मा, लाल फ्रेमचा. नवरा बाहेर गेला होता, म्हणून तो तिनेच मुलीच्या नाकावर बसवला. बसवला मात्र, पोरीने असा भोंगा पसरला की विचारू नका! चष्मा ओढून फेकला. आई उचलायला वाकली तर तिचे केस धरले. दंडाला चावली, अगदी दात उमटेपर्यंत. "तू वाईट आहेस! तू घाणेरडी आहेस! मला तू नकोच!" असं बेंबीच्या देठापासून ओरडत पोरगी लाथा झाडायला लागली.

"अगं, अगं," चष्मेवाली पुढे झाली.

"राहू द्या हो," आई दंड चोळत म्हणाली. "माझ्याशीच करते असं. परक्यांसमोर एकदम शहाणी."

आणि लाथा मारून दमल्यावर त्या पोरीने काय करावं? जिला लाथा मारल्या तिच्याच मांडीवर चढली, तिच्याच कुशीत तोंड खुपसलं आणि उरलेलं रडू तिथे रडली. सॉरी नाही, काही नाही. "तू वाईट आहेस" हे मात्र कुशीतूनही चालूच होतं, जरा हळू आवाजात.

त्या दोघी गेल्यावर चष्मेवाली स्टुलावर बसून राहिली. हे लेकरू! पाळकसाहेबांनी आयुष्यात कधी लेकरू पाहिलं होतं की नाही? निरागस म्हणे, विसरतं म्हणे. अरे, लेकरू काहीच विसरत नाही. ते चावतं. पण ते चावतं कुणाला, तर जो आपल्याला टाकून देणार नाही अशी खात्री आहे त्यालाच. आणि ती? ती गेले कित्येक दिवस देवासमोर परक्यासमोर बसावं तशी शहाण्यासारखी बसत होती. हात जोडून, दात आवळून. नवऱ्यासमोरही तसंच. वाढलंय. गिऱ्हाईक आलंय. तिला एकदम स्वतःचाच राग आला, आणि तो बाकीच्या सगळ्या रागांपेक्षा बरा वाटला.

रविवार उजाडला. हॉल भरलेला. मंचावर दोन खुर्च्या, एक माइक. समोर पहिल्या रांगेत लग्न ठरलेल्या तीन जोड्या, हात हातात घालून, जगात कुणाचंच काही बिघडत नाही अशा चेहऱ्याने बसलेल्या. पाळकसाहेबांनी तिच्याकडे काळजीने पाहिलं. नावं काढली नव्हती, सगळं निभावून जाईल असं त्यांना वाटलं असावं.

नवऱ्याने माइक घेतला. "माझ्या पत्नीने मला..."

"द्या इकडे," ती म्हणाली आणि माइक काढून घेतला.

"माझ्या नवऱ्याने मागच्या रविवारी साक्ष दिली, की मी त्यांना माफ केलं. मी केलेलं नाही." हॉलमध्ये चुळबुळ झाली. "बसा, पुरतं ऐका. ते मुद्दाम खोटं बोलले नाहीत. त्यांना वाटलं, देवाकडे मागितलं, मिळालंच. पण माफी देवाकडे नव्हती हो, माझ्याकडे होती. आणि मला कुणी विचारलं नाही."

ती पहिल्या रांगेकडे वळली. "पोरींनो, तुम्हाला सांगतील, लग्नात दोघं मिळून एक देह होतात. खरं आहे ते. पण एक देह म्हणजे तुमचं तोंडही त्यांचंच, असा अर्थ कुणी काढला तर ऐकून घेऊ नका. आणि पोरांनो, बायको गप्प बसली की घर शांत झालं असं समजू नका. मी वीस दिवस गप्प होते. माझ्या घराइतकं अशांत घर या रस्त्यावर दुसरं नव्हतं."

पाळकसाहेब उठले. "आपण प्रार्थनेने..."

"मीच करते प्रार्थना," ती म्हणाली. आणि डोळे न मिटता, वर छताच्या पंख्याकडे बघत तिने सुरुवात केली. आधी आवाज साधाच होता.

"बापा, मी तुझ्यावर रागावलेय. यांच्यावर तर आहेच, पण तुझ्यावर जास्त. तू बघत होतास ना? फोन वाजला तेव्हा तू कुठे होतास? त्या दुकानात माणूस दिसायला दहा पावलं लागत नाहीत, तुला दिसलं नाही? मला एक हाक मारता आली नाही तुला? मला बाप एकच होता! तो येत होता माझ्याकडे, एकोणीस वर्षांनी येत होता, आणि तू त्याला दारातून परत जाऊ दिलंस!" आता ती ओरडत होती. माइक किंचाळला, कुणीतरी त्याची वायर ओढली, तिला फरक पडला नाही. "मला म्हणतात, माफ कर. नाही करता येत मला! नाही करायचं! तुझं तू बघ! पण मी काही तुला सोडून जायची नाही, समजलं? जाऊ कुठे? दुसरा बाप कोण राहिलाय मला? तू वाईट आहेस, आणि मी इथेच बसणार आहे!"

आणि ती खरंच बसली. खुर्चीवर नव्हे, मंचाच्या पायरीवर, आणि तोंड पदरात घालून हमसून हमसून रडायला लागली. आठ महिने साठलेलं होतं, ते वाहायला लागल्यावर थोडंच ऐकतंय. तीनशे माणसांत कुणाला खोकलासुद्धा आला नाही. "आमेन" म्हणायचं धाडस पहिल्यांदा एका लग्न ठरलेल्या मुलीने केलं, आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने दचकून तिचा हात सोडला.

घरी जाताना यावेळी तो मागून आला नाही, पुढे गेला. जवळजवळ धावतच. ती पोचली तेव्हा तो काउंटरपाशी उभा होता, फोनसमोर, कोटही न काढता.

"ओरडत नव्हते ते," तो म्हणाला.

ती दारातच थांबली.

"दुपार होती. चार वाजले असतील. मी फोन उचलला तर म्हणाले, 'भांडकुदळ आहे का घरात?' मला आधी कळेचना कोण. मग म्हणाले, 'मी मास्तर बोलतोय.'"

तिने दाराची चौकट धरली. भांडकुदळ. या जगात तिला एकच माणूस त्या नावाने हाक मारायचा.

"मी म्हटलं, कामात आहे. ते म्हणाले, 'मशीनचा आवाज येतोय तो तिचाच का?' मी म्हटलं, हो. तर म्हणाले, 'मग हाक नका मारू. दचकेल, बोट जाईल चाकात. मी थांबतो.'" "मग म्हणाले, 'जावईबापू, तुमच्याशीही बोलायचंय. माझं चुकलं. ती आली की दोघांना एकदमच सांगतो.' जावईबापू म्हणाले मला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आणि मला काय झालं माहीत नाही. मला तो उंबरा आठवला. म्हटलं, आता थांब तू. मला थांबवलंस तसा तूही थांब. मी रिसीव्हर इथे ठेवला, या काचेवर. तू घासत होतीस. मी उभा होतो. ते ऐकत होते."

"किती वेळ?"

"तुझे काचांचे दोन जोड घासून होईपर्यंत. पंधरा मिनिटं. मग तू मशीन बंद केलंस. आणि रिसीव्हरमधून आवाज आला, 'थांबलं बघा. द्या आता.'"

"आणि?"

"मी रिसीव्हर फोनवर ठेवून दिला. पुन्हा वाजला नाही."

ती दारातून काउंटरपाशी कशी आली तिला कळलं नाही. दोन्ही मुठी त्याच्या छातीवर, खांद्यावर, मिळेल तिथे. "पंधरा मिनिटं! म्हातारा माणूस! माफी मागत होता तुमची! मेल्या, माफी मागत होता तो, आणि तुम्हाला हवी होती माझ्याकडून! वीस दिवसांत! फुकट! नीच माणूस! दगड! दगडाला तरी पाझर फुटतो!" ट्रे उलटला, फ्रेमा जमिनीवर विखुरल्या, एक तिच्या चपलेखाली कडकन मोडली. तो मागे सरकला नाही. हात वर केले नाहीत. देवाचं नाव घेतलं नाही. मार खात उभा राहिला आणि लहान मुलासारखा नाक गळेपर्यंत रडला.

शेवटी तिचेच हात दुखायला लागले. ती तिथेच खाली, मोडक्या चष्म्यांत बसली. तोही बसला, जरा अंतर ठेवून. रस्त्यावरून कुणी मंडळीतलं गेलं, अर्ध्या शटरखालून वाकून बघितलं आणि घाईने पुढे निघून गेलं.

आत पलंगावर भरलेली पेटी होती. त्यालाही माहीत होतं, तिलाही.

"मला माफ..." तो म्हणायला गेला.

"तो शब्द तोंडातून काढू नका," ती म्हणाली. "आज नाही. उद्याही नाही. कधी ते मी सांगेन, तुम्ही नाही, आणि पाळकसाहेब तर नाहीच नाही."

त्याने मान हलवली.

तिने काउंटरवरच्या फोनकडे बघितलं. मग तोंड पुसलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. काही गाळायचं नाही."

त्याने बाहीने नाक पुसलं.

"दुपार होती," तो म्हणाला. "चार वाजले असतील. मी फोन उचलला..."